सव्वीस टक्के बॅटरी आणि अण्णांची गोळी: कोल्हापूर–पुणे वाटेवरच्या एका थांब्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

कुटुंब कोल्हापूरचं. नावं सांगत नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत. बाकी सगळं जसं घडलं तसं. अण्णा ७१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. वीस वर्षांचा मधुमेह आणि गेल्या वर्षी झालेली अँजिओप्लास्टी. आईंचे गुडघे गेलेले. मुलगा गाडी चालवणारा, सूनबाई मागच्या सीटवर फोन घेऊन बसणारी. मी मुलाचा मित्र. त्याच्याआधी तीन वर्षं विजेची गाडी वापरतोय, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. ते परत आल्यावर दोन संध्याकाळी आम्ही बसलो आणि फास्टॅगचे मेसेज, चार्जिंगच्या पावत्या, हॉटेलचं बिल असं सगळं समोर ठेवून वेळा जुळवल्या. फास्टॅगचा हा एक उपयोग कुणी सांगत नाही: आपण कुठे किती वाजता होतो, याबद्दल नवरा-बायकोत वाद उरत नाही.

मे महिन्यातला शनिवार होता. पुण्यात दुपारी साडेबाराला हृदयरोगतज्ज्ञांची वेळ. गाडी चार वर्षांची, दुसऱ्या हातची, ३० युनिटची बॅटरी. कंपनीचा कागद तीनशेच्या वर किलोमीटर सांगतो. चौघं बसलेली, एसी चालू आणि वेग ऐंशी-नव्वद असला की हातात १९० ते १९५ पडतात. कोल्हापूर ते पुणे साधारण २३५, आणि रुग्णालय शहराच्या आत, म्हणजे दहाएक जास्तच. एकदा तरी चार्जिंग करावं लागणार, यात वाद नव्हता. कुठे, एवढाच प्रश्न होता.

भाड्याची डिझेल गाडी करायचा विषय आईंनी एकदा काढला. अण्णा म्हणाले, "घरात गाडी असताना?" विषय संपला.

अडचण

वरवर पाहता हा नकाशाचा प्रश्न वाटतो. महामार्ग ४८ वर चार्जर आता बऱ्यापैकी आहेत. ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गावर दर २५ किलोमीटरला, दोन्ही बाजूंना चार्जिंग स्टेशन असावं असं म्हटलं होतं. कागदावर ते ठीक. प्रत्यक्षात चार्जर दुभाजकाच्या पलीकडे निघतो, किंवा सहापदरीकरणाच्या कामामुळे सेवा रस्त्यावर वळवलेलं असतं आणि हॉटेलचं फाटक मागे गेल्यावर दिसतं.

पण या घराची खरी अडचण दुसरी होती. एकाच थांब्यावर चार गोष्टी जमायला हव्या होत्या. गाडीला वीज. अण्णांना साडेआठच्या आत नाश्ता, कारण त्यांची सकाळची गोळी खाण्याच्या आधी घ्यायची, आणि ती पोटात गेल्यावर खाणं लांबलं की साखर घसरते. आईंना कमोडचं स्वच्छतागृह, तेही पायऱ्या न चढता. आणि साडेबाराची वेळ. या चारांपैकी एकच गोष्ट फोनवरच्या नकाशात दिसते, म्हणून सगळी चर्चा तिच्याभोवतीच झाली.

पर्याय

शुक्रवारी रात्री जेवणानंतर चर्चा झाली. मुलाने वहीत तीन ठिकाणं लिहिली होती.

पहिलं कराड, पाऊणशे किलोमीटरवर. पोहोचाल तेव्हा बॅटरीत ६० टक्क्यांच्या वर शिल्लक. म्हणजे अर्धं जेवण झालेल्या माणसाला पुन्हा पंगतीत बसवण्यासारखं. जलद चार्जरवर बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत भराभर घेते, त्यानंतर आपला वेग स्वतःच कमी करते. शिवाय कराडात ८० पर्यंत भरलं, तरी पुढच्या १७० किलोमीटरला ते पुरत नाही. पुन्हा एक थांबा आलाच.

दुसरं सातारा, १२० च्या जरा पुढे. आठच्या सुमारास पोहोचणार, बॅटरी ३५ ते ३८ टक्के. शहर मोठं, बाह्यवळणावर आणि गावात मिळून चार्जर बरेच. एक बंद निघाला तर दुसरा चार-पाच किलोमीटरवर. नाश्त्याची वेळही जुळते. मुलाचा आक्षेप असा की त्यातले चांगले चार्जर महामार्ग सोडून आत आहेत, आणि आत जाणं-येणं म्हणजे वीस मिनिटं गेली. "शिवाय तिथं खायला काय? मशीनशेजारी वडापावची गाडी."

तिसरं शिरवळ, १८० किलोमीटर. वेळेच्या हिशोबाने सगळ्यात फायद्याचं, कारण रिकाम्या बॅटरीत वीज वेगाने जाते. पण पोहोचणार पाच-सात टक्क्यांवर आणि नऊच्या पुढे. अण्णांची वेळ टळली.

मग आईंनी चौथं सुचवलं. त्यांच्या भिशीतल्या एका मैत्रिणीने सांगितलेलं, आनेवाडी टोल ओलांडल्यावर डाव्या हाताचं एक हॉटेल. थालीपीठ उत्तम, स्वच्छतागृह स्वच्छ, रॅम्प आहे. मुलाने चार्जिंगचं ॲप उघडलं: त्याच हॉटेलच्या आवारात ६० किलोवॅटचा चार्जर, दोन गन, म्हणजे गाडीला लावायच्या दोन केबल. कोल्हापूरपासून १४५ किलोमीटर. बॅटरी पंचवीसच्या आसपास असेल. वीज, नाश्ता, कमोड, वेळ, सगळं एका जागी. घरात एकमत झालं, जे त्या घरात क्वचित होतं.

इथे मी थोडा थांबतो, कारण पुढचं सगळं या एकमतातून आलं. ती जागा चांगलीच होती. चूक निवडीत नव्हती. तिथून पुढे काही जमलं नाही तर काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही. साताऱ्यात ३७ टक्क्यांवर उभ्या गाडीला सत्तर किलोमीटरची मुभा असते. हॉटेलवर २५ टक्क्यांवर पन्नासही धड नाही, आणि पुढे पस्तीसेक किलोमीटर दुसरा भरवशाचा चार्जर नाही.

आणखी एक. "६० किलोवॅट" या पाटीने मुलगा खूश झाला होता. पण त्याची गाडी पंचवीसच्या वर घेतच नाही. मोठ्या पाईपला छोटी तोटी लावली तर पाणी तोटीएवढंच येणार. त्याच्या गाडीला ३० चा चार्जर आणि ६० चा चार्जर सारखाच. बघायला हवं होतं ते किलोवॅट नव्हे, तर मशीन किती आहेत. एका मशीनच्या दोन गन म्हणजे दोन मशीन नव्हेत. मशीन झोपलं की दोन्ही गन झोपतात.

घडलं ते

सहा वाजून दहाला निघाले. किणी टोल ६.३५. कराडजवळ कामामुळे सेवा रस्त्याला लावलं होतं, तिथे दहा मिनिटं गेली, पण हळू चालल्याने बॅटरी थोडी वाचली. तासवडे टोल ७.३०, आनेवाडी ८.१२. टोल ओलांडताना मुलगा म्हणाला, "अण्णा, दहा मिनिटांत पोचतोय, गोळी घ्या तुम्ही." अण्णांनी घेतली.

हा पहिला निर्णयाचा क्षण. त्या वेळी तो निर्णय वाटलाच नाही.

८.२० ला हॉटेलच्या आवारात शिरले तेव्हा दोन ट्रॅव्हल्स भरून वऱ्हाड उतरलेलं. आत टेबल नाही. चार्जरपाशी एका गनला एक गाडी लागलेली, दुसऱ्या गनवर कागद चिकटवलेला: "बंद आहे". मागे एक मोठ्या बॅटरीची गाडी रांगेत. ॲपवर मात्र दुसरी गन हिरवीच दिसत होती. गाडीत बॅटरी २६ टक्के.

मुलगा चार्जरकडे धावला, सूनबाई ॲप कंपनीच्या मदत क्रमांकावर. आई स्वच्छतागृहाच्या रांगेत. अण्णा बाहेरच्या बाकावर एकटे, उन्हाकडे पाठ करून. पंचवीस मिनिटं हे असंच चाललं. कंपनीच्या बाईंनी दुसरी गन दुरून चालू करून बघितली, दोनदा. झाली नाही. लागलेल्या गाडीचा मालक आत नाश्ता करत होता, त्याची गाडी ६१ टक्क्यांवर. रांगेतल्या गाडीवाल्याला वीस ते ऐंशी करायचं होतं. हिशोब सरळ: आपला नंबर लागायला दीड तास.

आई बाहेर आल्या आणि त्यांना दिसलं की अण्णांचा शर्ट घामाने चिकटलाय. विचारलं तर उत्तर भलतंच. "घंटा झाली का?" म्हणाले म्हणे, शाळेतल्यासारखं. ग्लुकोमीटर डिकीत, बॅगांच्या खाली. आईंनी त्याची वाट पाहिली नाही. चहाच्या काउंटरवरून साखर उचलली, तीन चमचे पाण्यात ढवळून पाजली. मीटर सापडल्यावर आकडा ६२ आला. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, ९४. तेव्हा कुठे काउंटरवाल्याने, वऱ्हाडाला बाजूला सारून, स्वतःहून थालीपीठ आणि दही आणून दिलं.

त्या अर्ध्या तासात गाडीचे टक्के तिघांनी मिळून वीस वेळा पाहिले असतील. मला मुलाने स्वतःच हे सांगितलं, मी काढून घेतलेलं नाही.

आता दुसरा निर्णय. वाजले होते ९.१५. समोर चार वाटा होत्या.

थांबायचं: वेळ हातची गेली. हॉटेलच्या मागे साधा पंधरा अँपिअरचा प्लग होता, मॅनेजर द्यायलाही तयार होता. पण त्यातून तासाला तीन युनिट, म्हणजे फार तर वीस किलोमीटर. मागे साताऱ्याला जायचं: तेवीसेक किलोमीटर, आनेवाडीचा टोल पुन्हा, मग तेवढंच अंतर परत. खात्रीचं, पण साडेबारा गाठणं अवघड. पुढे शिरवळच्या बाजूला जायचं: सदतीस किलोमीटर, तिथे पेट्रोल पंपावर एकच चार्जर. चालू असला तर सगळं जमलं. नसला तर आठ-दहा टक्क्यांवर, उन्हात, साखर नुकतीच सावरलेल्या माणसाला घेऊन उभं.

सूनबाईंनी इथे जे केलं ते मला या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. त्यांनी ॲप बंद केलं आणि नकाशावरून त्या पेट्रोल पंपाचा नंबर काढून फोन लावला. मशीन चालू आहे का, असं नाही विचारलं. विचारलं, "शेवटची गाडी कधी चार्ज करून गेली?" पंपावरचा पोरगा म्हणाला, "आत्ताच गेली ताई, पंधरा मिनिटं झाली." ॲपचा हिरवा ठिपका मशीनला नेट आहे एवढंच सांगतो. त्यातून वीज येते का, ते मशीनजवळ उभा असलेला माणूसच सांगतो. पोराला त्यांनी आणखी एक सांगितलं, आम्ही पाऊण तासात येतोय, कुणी आलं तर तेवढं बघ. त्याने पाहिलं की नाही देव जाणे, पण जागा मोकळी मिळाली.

९.३० ला निघाले. एसी बंद, काचा थोड्या खाली, वेग साठ. जाताना खंबाटकीला बोगदा लागतो, घाट चढावा लागत नाही, आणि बोगद्यानंतर सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडे उतारच आहे. उतारावर पाय काढला की गाडी थोडी वीज परत भरून घेते. २६ टक्क्यांत सदतीस किलोमीटर जाऊन पोहोचले तेव्हा ११ शिल्लक. नव्वदच्या वेगात एसी लावून हेच अंतर गेले असते तर सातवर आले असते. उलट्या दिशेने, म्हणजे पुण्याहून येताना घाट चढत, हाच जुगार मी खेळलो नसतो.

शिरवळला तीस मिनिटं. बारा युनिट भरलं, गाडी ५१ टक्के. मुलाला ८० करायचं होतं, सवयीने. सूनबाई म्हणाल्या, पासष्ट किलोमीटरच राहिलेत, पुरतंय. बरोबर होतं. इथे आणखी तीस टक्के भरणं म्हणजे केवळ मनाच्या समाधानासाठी वीस-पंचवीस मिनिटं.

निकाल

नवले पुलापाशी नेहमीप्रमाणे अडकले. रुग्णालयात १२.४०. डॉक्टरांकडे दोन पेशंट पुढे होते, त्यामुळे उशीर कुणाच्या लक्षातही आला नाही. गाडीत १६ टक्के. डॉक्टरांनी वाटेतला प्रकार ऐकून गोळीच्या वेळेबद्दल अण्णांना नव्हे, मुलाला सुनावलं.

खर्चाचं एका ओळीत: वाटेतली वीज तीनशेच्या आत, टोल चारही भरले. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर विजेच्या गाड्यांना राज्याच्या २०२५ च्या धोरणाने टोलमाफी मिळाली, ती सवलत आपल्या या रस्त्याला नाही. कोल्हापूरकरांच्या तक्रारींच्या यादीत आणखी एक.

रात्री बहिणीच्या घरी साध्या प्लगवर गाडी लावली, रविवारी सकाळी शंभर टक्के. परतीला त्यांनी सातारा धरला. खंबाटकीचा घाट चढून साताऱ्यात पोहोचले तेव्हा ३४ टक्के. महामार्ग सोडून गावात गेले. पहिल्या ठिकाणी मशीनसमोर डिझेल गाडी लावून कुणी गायब. शिवी हासडून दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या ठिकाणी गेले. एवढंच. कुणाचा रक्तदाब वाढला नाही, कारण तिसरंही ठिकाण होतं. ३४ पासून ८० पर्यंत पस्तीस मिनिटं लागली. तेवढ्यात बहिणीने दिलेला डबा उघडला: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही. अण्णांनी दशमी हातात आल्यावर गोळी घेतली. जागेचं म्हणाल तर काही खास नव्हती, एका दुकानाच्या पार्किंगमध्ये झाडाखाली. वेळ वीस मिनिटं जास्त गेला. कंदी पेढे मात्र घेतले, अण्णांच्या नजरेआड.

पुन्हा जायचं तर

आम्ही दोघांनी बराच खल केला, आणि सगळ्यावर एकमत नाही.

मुलाचं म्हणणं, हॉटेल चुकीचं नव्हतं, दिवस चुकीचा होता. लग्नसराईतला शनिवार नसता तर सगळं सुरळीत झालं असतं. मला हे पटत नाही. तिथे एकच मशीन होतं, आणि ते मंगळवारीही बंद पडू शकतं. माझा हिशोब असा: जिथे थांबायचं तिथे पोहोचल्यावर, मशीन बंद निघालं तरी पुढच्या ठिकाणी एसी लावून निर्धास्त जाता यावं, एवढी बॅटरी हवी. ३० युनिटच्या गाडीला कोल्हापूरहून निघताना, एकाच थांब्यात पुणं गाठायचं तर, हे सातारा सोडून दुसरीकडे जमत नाही. ४० युनिटची गाडी असती तर मीही त्याच हॉटेलला गेलो असतो, थालीपीठासाठीच.

खाण्याचं आणि चार्जिंगचं ठिकाण एकच असावं, हा हट्ट सोडता आला असता का? मला वाटतं, हो. साताऱ्यात चार्जिंग करताना घरचा डबा, आणि मग पुढे हॉटेलवर चहा आणि स्वच्छतागृहापुरतं थांबायचं. दोन थांबे झाले असते, पण प्रत्येक थांब्याकडून एकच अपेक्षा. आईंचं यावर वेगळं मत आहे: सकाळी सहाला निघायचं तर डबा पहाटे चारला उठून कोण करणार, हे आधी ठरवा. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फोन आदल्या संध्याकाळी करता आला असता. हॉटेलच्या मॅनेजरला एक गन महिनाभर बंद असल्याचं माहीत होतं, त्याने ते लगेच सांगितलंही, विचारल्यावर.

हॉटेलमध्ये शिरल्यावर कामं वाटून घ्यायला हवी होती. एकाने चार्जर, एकाने टेबल, आणि एकाने फक्त अण्णा. त्या दिवशी दोघं चार्जरला लागले आणि आई स्वच्छतागृहाच्या रांगेत. गोळीबद्दल तर आता घरात नियमच आहे: ताट समोर आल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही, मग हॉटेल दहा मिनिटांवर असो की दहा पावलांवर. ग्लुकोमीटर आणि साखरेच्या पुड्या पुढच्या कप्प्यात आल्यात.

एक गोष्ट मी विसरलो होतो, ती सूनबाईंनी दाखवली. चार्जिंगच्या प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, त्यात पैसे आधी भरावे लागतात. शिरवळला पोहोचल्यावर त्या कंपनीचं ॲप उतरवून, ओटीपी घेऊन, पैसे भरेपर्यंत नऊ मिनिटं गेली होती. आता त्यांच्या फोनवर पाच ॲप आहेत, प्रत्येकात दोनशे-तीनशे रुपये पडून. मुलगा म्हणतो, हजारभर रुपये अडकले. त्या म्हणतात, अडकू देत.

पुढची तपासणी ऑगस्टमध्ये आहे. वहीत मुलाने नवा तक्ता आखलाय, थांब्याचं नाव, मशीन किती, पुढचा चार्जर किती लांब. आईंनी पेनने शेजारी आणखी एक रकाना ओढलाय आणि त्यात आतापर्यंत तीनच ठिकाणांपुढे टिक आहे. रकान्यावर लिहिलंय, "पायरी नाही, कमोड आहे, कडी लागते".